वेरूळच्या डोंगराचं जुनं छापील चित्र: आमच्या वाड्यात येण्याआधी ते कुठं होतं, हे कसं शोधू?

जोगाईची_सून (अंबाजोगाई)

नमस्कार. प्रश्न लांब आहे. पण तुकड्यातुकड्यानं विचारला तर तुम्हालाच पुन्हा पुन्हा विचारत बसावं लागेल, म्हणून सगळंच एकदा लिहिते.

आमचा वाडा विकायचं ठरलंय. माळवदावर दर साली पांढरी माती टाकायला आता माणूस मिळत नाही, आणि मागच्या श्रावणात माजघराची तुळई खचली. आवराआवर करताना ओसरीवरचं एक चित्र खाली उतरवलं. १९८९ ला लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून दर दसऱ्याला त्याची काच मी पुसत आलेय. मागची बाजू मात्र आता पहिल्यांदाच बघितली.

चित्र वेरूळच्या डोंगराचं. सासरे (त्यांना आम्ही मामा म्हणायचो) पाहुण्यांना नेहमी सांगायचे, "हे आपलं वेरूळ. लेण्यांसमोर गाड्या नव्हत्या तेव्हाचं." कागद दोन फुटांना थोडा कमी रुंद, दीड फुटाला थोडा कमी उंच. तपकिरी आणि निळसर रंग, वरून हलकेच हातानं भरल्यासारखे. डोंगराची लांब कड, खाली झाडी, आणि कड्यात लेण्यांची काळी तोंडं. एक गोष्ट मला लहान मुलासारखी खटकायची, की डोंगर दोन्ही बाजूंनी चौकटीपाशी कापल्यासारखा संपतो. डावीकडं नाही, उजवीकडं नाही, कुठंच उतरत नाही.

खालच्या काठावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवलीय. ती एका जागी सुटलीय, तिथून इंग्रजी अक्षरं दिसतात: जेम्स वेल्स, थॉमस डॅनियल, फिट्झरॉय स्क्वेअर, लंडन. पुढं साल असावं, त्यातला शेवटचा ३ एवढाच शिल्लक आहे.

मागं देवदाराची फळी. तिच्यावर तीन गोष्टी आहेत. एक उर्दूतली चिठ्ठी, कोपरा कसरीनं खाल्लेला. तिच्या खाली शिसपेन्सिलीनं मोडीत एकच शब्द. आणि एक पांढरा चौकोनी कागद, त्यावर मराठीत "१७".

हा १७ मला माहीत आहे. १९९८ ला मुक्तिसंग्रामाला ५० वर्षं झाली तेव्हा एका शाळेनं जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं होतं. मामांनी चित्र आनंदानं दिलं, स्वतः रिक्षात मांडीवर धरून नेलं. परत आलं ते काच तडकलेलं, आणि आभाळात उजव्या कोपऱ्यात चिकटपट्टी लावलेली. कागद तिथं फाटला होता आणि कुणीतरी तो असा जोडला होता. कुणी काही सांगितलं नाही, विचारल्यावरही नाही. मामा भांडले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी घरातली एक वस्तू म्हणून कुणाला दाखवायला बाहेर दिली नाही. ती पट्टी आता पिवळी पडलीय आणि तिचा डाग आभाळात उतरलाय. मला ते बघवत नाही.

बाहेरगावचा एक खरेदीदार दोनदा येऊन गेला. म्हणतो, "फळी-बिळी राहू द्या तुमच्याकडं, नुसता कागद नळीत गुंडाळून द्या." घरातले म्हणायलेत, देऊन टाक. देण्याआधी मला एवढंच कळायला हवंय: हे काय आहे, आधी कुणाचं होतं, आणि ती चिकटपट्टी मी काढू का?

फोटो खाली जोडलेत.

गोदाकाठ_नांदेड

ताई, उर्दू चिठ्ठी वाचली. घसटून लिहिलंय, पण माझे वडील निजामाच्या तहसिलीत अहलकार म्हणजे कारकून होते, घरात असल्या कागदांचं गाठोडंच आहे, त्यामुळं हात बसलेला आहे. मजकूर असा:

"हर्राज, मोमिनाबाद. तस्वीर मय चौखटा, तीन अदद. साडेसात रुपये हाली. १४ खुर्दाद १३४० फ."

हर्राज म्हणजे आपला हर्रास, लिलाव. मोमिनाबाद म्हणजे तुमचंच अंबाजोगाई, निजामाच्या कागदांत गावाचं नाव तसं यायचं. फ म्हणजे फसली. दक्षिणेच्या फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल जवळपास निघतं, आणि फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. म्हणजे १३४० फसली १९३० च्या ऑक्टोबरात लागलं. खुर्दाद सातवा महिना. म्हणजे ही खरेदी १९३१ च्या एप्रिल-मे मधली, ऐन उन्हाळ्यातली. हाली म्हणजे हाली सिक्का, निजामाचा स्वतःचा रुपया. इंग्रजी रुपयापेक्षा त्याचं मोल थोडं कमी होतं.

आता एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. अदद म्हणजे नग. चिठ्ठीत चित्र एक नाही, तीन आहेत.

ड्रॉइंग_मास्तर (छत्रपती संभाजीनगर)

ताई, आधी दोन कामं. ती फळी फेकू नका, आणि खरेदीदाराला आज काहीच कबूल करू नका. बाकीचं निवांत सांगतो.

तुमचा कागद कुठल्या संचातला ते जवळपास नक्की सांगता येतं. थॉमस डॅनियलनं वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रं लंडनमध्ये छापून काढली, १८०३ साली. मूळ रेखाटनं त्याची नव्हेत, जेम्स वेल्सची. वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ ला मुंबईत उतरला, पुढं पुण्यात पेशव्यांच्या दरबारात गेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रं त्यानं काढली. तिथला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला लेण्यांचं वेड. वेल्स १७९५ च्या नोव्हेंबरात वारला आणि लेण्यांची रेखाटनं अर्धवट कामासारखी मागं राहिली. मॅलेट मायदेशी परतला, वेल्सची मुलगी सुसाना हिच्याशी त्याचं १७९९ ला लग्न झालं, आणि वेल्सचं वेरूळ शेवटी डॅनियलच्या हातून तांब्यावर उतरलं.

याच मॅलेटनं पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या आपल्या माणसालाही वेरूळला धाडून रेखाटनं करून घेतली होती. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली आणि त्यातली पहिली वीस वर्षं मला हे नाव माहीत नव्हतं. म्हणून जिथं वेरूळच्या जुन्या चित्रांचा विषय निघतो तिथं मी ते मुद्दाम लिहितो.

साल नीट लक्षात घ्या. १८०३ म्हणजे आपल्या जालन्याकडं आसईची लढाई झाली ते साल. अजिंठा इंग्रजांच्या नजरेस पडायला अजून सोळा वर्षं होती. तेव्हा विलायतेतल्या लोकांनी वेरूळ पाहिलं ते याच कागदांवर.

आता हा कागद म्हणजे काय. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी बसवतात, पत्रा तापवून ती चिकटवतात आणि मग तेजाब सोडतात. राळेच्या कणांमधल्या फटींत तेजाब तांबं खातं, आणि तिथं शाई धरते. म्हणून त्यात छाया धुतल्यासारख्या उतरतात. दहापट भिंग घेऊन आभाळाकडं बघा. बारीक वेडीवाकडी जाळी दिसली, पांढरे कण आणि भोवती शाई, तर चित्र खरं. रंगीत ठिपक्यांची नीटस फुलं दिसली तर ती अलीकडच्या यंत्रावरची नक्कल. शिवाय कागदाच्या कडेजवळ बोट हलकंच फिरवा, पत्र्याच्या दाबाची खोलगट रेघ लागते. ती मात्र काळ्या पट्टीखाली गेली असेल किंवा कुणी कागद कापला असेल.

तिसरी खूण उजेडाची. फळी काढलीत तेव्हा कागद मागं चिकटवलेला नव्हता ना? मग सकाळी खिडकीशी धरा. "जे व्हॉटमन" (कागद करणाऱ्या इंग्रज कारखानदाराचं नाव) आणि साल अशी पाणखूण दिसली तर आम्हाला सांगा. कागद पाणखुणेतल्या सालाआधीचा असू शकत नाही, त्यामुळं छपाई पहिली की मागाहूनची, याचा अंदाज त्यावरून येतो. याच चित्रांची पुढं १८१६ पर्यंत लहान आकाराची आवृत्तीही निघाली, बिनरंगी. तुमच्या मापावरून हा कागद मोठ्या संचातला आहे.

आणि तीन नगांबद्दल. गोदाकाठ साहेबांनी ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. २४ पैकी पहिली तीन चित्रं एकाच विषयाची आहेत, वेरूळचा डोंगर: पहिलं दर्शन, दुसरं दर्शन, तिसरं दर्शन. शेजारी शेजारी ठेवली की सबंध डोंगर पुरा होतो. ताई, तुमच्या चित्रात डोंगर दोन्हीकडं कापल्यासारखा दिसतो, कारण तुमच्याकडं मधला कागद आहे.

मोडीतला शब्द फोटोत पुसट आहे. उन्हात तिरपा धरून पुन्हा काढता का?

हौशी_संग्राहक

पिवळे डाग असतील तर ब्रेडच्या मऊ भागानं हलकं घासा, आणि चिकटपट्टीवर हेअर ड्रायर धरा, सुटते.

ड्रॉइंग_मास्तर

कृपा करून यातलं काही करू नका. ब्रेडचे कण कागदात राहतात, त्यावर बुरशी आणि कसर येते. गरम हवेनं जुना डिंक पातळ होऊन आणखी आत जातो. आणि हा हातानं रंगवलेला कागद आहे, पाणी, स्पिरिट काहीही लागलं तर रंग पसरेल. पट्टी काढायचं काम कागदाच्या दुरुस्तीचं शिक्षण घेतलेल्या माणसाचं. तोवर एवढंच करा: तडकलेली काच काढा, कागद आडवा ठेवा, वर-खाली आम्लरहित कागद घाला, लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. गुंडाळायचा तर मुळीच नाही.

जुना_जालना

मोमिनाबाद आणि हर्रास म्हटल्यावर मला छावणी आठवली. हैदराबाद कंटिंजंटची (निजामाच्या राज्यातली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज) घोडदळं आपल्याकडं मोमिनाबाद, हिंगोली, जालना, औरंगाबाद अशी ठिकठिकाणी होती. साहेबाची बदली झाली की बंगल्यातलं सामान तिथंच विकून जायचा. आमच्या घरातलं सागवानी कपाट असंच आलंय, आणि आत अजून इंग्रजी किल्लीवाल्याचा शिक्का आहे.

पण ताई, लगेच "साहेबाचं चित्र" म्हणून लिहून ठेवू नका. कंटिंजंट १९०३ ला मोडली, इंग्रज फौजेत मिसळली. तुमचा हर्रास १९३१ चा. छावणीतून निघालं असं धरलं तरी मधे अठ्ठावीस वर्षं ते आणखी कुणाकडं तरी होतं. वकील, मुन्सिफ, एखादा व्यापारी. ती जागा कोरीच ठेवा.

घरात शोधायचं असेल तर वाटणीपत्र बघा, आणि लग्नाचे फोटो. ओसरीवर काढलेल्या फोटोत मागची भिंत येते. भिंतीवर काय टांगलंय ते कुणी बघत नाही, पण त्याच्याएवढा चोख पुरावा नसतो.

जोगाईची_सून

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. तेवढ्यात खूप काही झालं.

भिंगातून आभाळ बघितलं. जाळी आहे. मुलाच्या फोनवर मोठं करून आत्यांना (सासूबाई, वय ८४) दाखवलं तर म्हणाल्या, "हे तर पावसानं भिजलेल्या भिंतीवाणी दिसतंय." मास्तर, तुमच्या सगळ्या वर्णनापेक्षा मला ते जास्त पटलं! पाणखूणही दिसली. खिडकीशी धरल्यावर "व्हॉटमन" स्पष्ट, आणि खाली १८०१. मी बराच वेळ तशीच उभी होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदातून आमच्या अंगणातल्या पारिजातकाचं हिरवं येत होतं.

मग आत्यांना विचारलं, तीन चित्रं होती का? त्या लगेच म्हणाल्या, "तीनच होते की गं. एका रांगंत लावलेले. थोरल्याचं एक, आपलं एक, धाकल्याचं एक. वाटणीत गेले." पस्तीस वर्षं मी या घरात आहे, पण हे कुणी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही.

वाटणीपत्र सापडलं. १९६६ चं. भांड्यांची यादी दीड पान आहे, घंगाळं, सतेली, समया, वजनासकट. तिच्या तळाशी एक ओळ: "वेरूळ डोंगराच्या तसबिरी नग ३, तिघांस प्रत्येकी एक." आजेसासऱ्यांनी न्यायानं वाटणी केली. तीन मुलं, तीन नग.

मोडी इथल्याच एका गुरुजींनी वाचून दिली. शब्द आहे "मधल्याकडे". मामा तीन भावांतले मधले. म्हणजे मधल्या मुलाला मधला कागद. आजेसासऱ्यांना चित्रांचा क्रम ठाऊक होता, आणि त्यांनी मुलांच्या क्रमानं तो लावला, असं मला वाटतं. मास्तर, तुम्ही म्हणाल हा पुरावा नव्हे. पण हात त्यांचाच आहे, खतावणीतल्या अक्षराशी ताडून बघितला.

आणि फोटो! आत्यांच्याच लग्नातला, १९६२ चा. बोहल्याच्या मागं ओसरीची भिंत, आणि मुंडावळ्यांच्या वर तिन्ही चौकटी रांगेत. दोन चौकटींच्या मधे जेमतेम चार बोटांचं अंतर. डोंगराची कड एका चौकटीतून दुसरीत जाते ते त्या मळकट फोटोतसुद्धा कळतं.

एक जागा मात्र भरत नाही. १९४८ ला रझाकारांच्या भीतीनं सगळं घर बार्शीला गेलं होतं. वाड्याला कुलूप. आत्या तेव्हा या घरच्या नव्हत्या, पण त्यांच्या सासूबाई सांगायच्या की परतल्यावर धान्याची पेवं रिकामी होती, तांब्याचं एक भांडं राहिलं नव्हतं. चित्रं मात्र भिंतीवर होती. त्या काळात न्यायला कुणाला चित्र सुचणार? वाडा लुटला गेला आणि वेरूळ शाबूत राहिलं.

परवा परभणीला थोरल्या जाऊबाईंकडं गेले. त्यांना वाटलं वाड्याच्या पैशाचं बोलायला आले, म्हणून आधी सगळे जरा ताठच होते. चहा झाल्यावर मी फोटो काढला. भाऊजी काही न बोलता उठले आणि आतल्या खोलीत गेले. धान्याच्या कोठीमागून पोत्यात गुंडाळलेली चौकट घेऊन आले. काच नाही, खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला. फळीवर मोडीत "थोरल्याकडे".

माझं मधलं मी चादरीत बांधून, आडवं धरून नेलं होतं. पलंगावर दोन्ही शेजारी ठेवले. मधे काळ्या पट्ट्या येत होत्या, तरी कड बरोबर जुळली. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हा डोंगर उतरला की इकडं." मी पस्तीस वर्षं ज्या काठावर थांबत होते, त्याच्या पुढं डोंगर होता.

तिसरं धाकट्या काकांकडं होतं. ते १९७८ ला हैदराबादला गेले, आता नाहीत. त्यांच्या मुलाचा नंबर भाऊजींनी दिलाय. अजून फोन केला नाही, उद्या सकाळी करणार आहे.

ड्रॉइंग_मास्तर

ताई, वाचून डोळे भरून आले. फोन जरूर करा.

तोवर हे लिहून ठेवा, आजच, साध्या वहीत. १९३१ खरेदी, चिठ्ठीवरून. १९६२ भिंतीवर तिन्ही, फोटोवरून. १९६६ वाटणी, वाटणीपत्रावरून. १९९८ प्रदर्शन, क्रमांक १७, आणि तिथं झालेली इजासुद्धा. इजा लपवू नका, तोही चित्राच्या हिंडण्याफिरण्याचाच भाग आहे. १८०३ ते १९३१ मधलं पान कोरं सोडा. या संचाच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, डॅनियलचं पुष्कळ काम कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे, पण त्या प्रतींचा इतिहास तुमच्या प्रतीला लागू नाही. पत्रा एकच असला तरी प्रत्येक कागदाचा प्रवास त्याचा त्याचा. चिठ्ठीसकट, फळीसकट, सलग वाटणीपत्रासकट असा कागद मी आपल्याकडं दुसरा पाहिलेला नाही. तो माणूस फळी ठेवून घ्या म्हणत होता, तेव्हा हेच सगळं इथं सोडून जाणार होता.

आणखी एक. शंभर वर्षांपुढची कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. खरेदीदार कुठला आहे ते विचारून घ्या.

जोगाईची_सून

खरेदीदाराला नाही म्हणून कळवलं. घरातल्यांनी ऐकलं, मुख्य म्हणजे आत्यांनी ठणकावलं.

सकाळी हैदराबादला फोन लावला. काकांचा मुलगा मराठी अडखळत बोलतो, पण चांगला बोलला. म्हणाला, "वहिनी, पहाडवाली तस्वीर ना? आईच्या देवघराच्या वर आहे. बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत." मी त्याला चौकट उतरवून मागं काय लिहिलंय ते बघ म्हटलं. फोन चालूच ठेवला. स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. मोडी त्याला येत नाही, म्हणून त्यानं फोटो पाठवला.

गुरुजींकडं न्यायची गरज पडली नाही. दोन फळ्या बघून झाल्यामुळं "कडे" मला आता ओळखू येतं, आणि त्याच्या आधीचा शब्द "धाकट्या" हाच आहे.

वाडा रिकामा करायला पौषापर्यंत मुदत आहे. त्याआधी तिघांनी आपापला नग घेऊन यायचं ठरलंय. ओसरीवरचे तीन खिळे अजून तिथंच आहेत, मी काल मोजले. मास्तर, तुम्हाला संभाजीनगरहून येणं जमेल का? पट्टीचा डागही एकदा समोर बघाल.